तिसरा आलेला उंदीर

नोटा मोजणं ही कला की मजुरी, यावर आमच्या बँकेत दोन पक्ष आहेत. मी वीस वर्षं मजुरी पक्षात होतो. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्या बोटांनी संप पुकारला, आणि ती कलाच होती हे मला कळलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये नोट आहे की नाही, याचा पत्ताच लागेना. आता मोजायला यंत्र असतं हे खरं, पण फाटक्या, चिकटवलेल्या, हळदीकुंकू लागलेल्या नोटा यंत्र तोंडावर फेकतं आणि त्या शेवटी माणसाच्याच बोटांखाली येतात. एका संध्याकाळी पाचशेच्या दोन नोटा कमी भरल्या. त्या खिशातून भरल्या, तेव्हा मात्र बोटांतल्या मुंग्या थेट काळजापर्यंत चढल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. कागद पाहून म्हणाले, "बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलंय. शाकाहारी का?"

"हो."

"पिढीजात?"

"हो," मी म्हटलं. 'याआधी शिक्षा झाली आहे का?' असं विचारल्यावर आरोपी म्हणतो, त्याच आवाजात.

झालं! शेजारच्या काउंटरवरच्या मालवणी मित्राने डब्यातला बांगडा माझ्यापुढे पुरावा म्हणून धरला. "आठवड्यातून दोनदा हा खा, डोळे मिटून नोटा मोजशील." घरी आईने लगेच उलटतपासणी सुरू केली. "तुझ्या आजोबांनी नव्वदी गाठली, ती काय अंडी खाऊन?" बायको एवढंच म्हणाली, "अहो, आधी औषध तरी आणा." पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून औषधाआधी मी इतिहासात शिरलो.

हा खटला जुना आहे. राजकोटच्या शाळेतल्या मोहनदास गांधींना त्यांच्या मित्राने पटवलं होतं, की इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो. देशासाठी म्हणून ते नदीकाठी चोरून बोकडाचं मटण खाऊन आले आणि रात्रभर पोटात बकरी ओरडत असल्यासारखं वाटून दचकत राहिले. पुढे १८८८ साली लंडनला जाताना आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला. पण मनापासून पटलं ते तिथल्या शाकाहारी खाणावळीत, हेन्री सॉल्ट या इंग्रजाचं पुस्तक विकत घेतल्यावर! आपल्या आईचं म्हणणं आपल्याला परदेशी छापखान्यातूनच पटतं, ही खोड तेव्हापासूनची दिसते.

मांस खाणारा राज्य करतो की नाही, हे प्रत्यक्ष तपासून पाहायची वेळ आणखी काही वर्षांनी आली आणि ती पाळी उंदरांवर आली. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा सरकारी डॉक्टर होता. १९२० नंतरच्या दशकात त्याने उंदरांच्या सात टोळ्या केल्या. पिंजरे सारखे, हवा सारखी, झाडलोट सारखी. ताटं मात्र सात. एका टोळीला शिखांचं जेवण, एकीला पठाणांचं, एकीला मराठ्यांचं आणि मग गुरखे, कानडी, बंगाली, मद्रासी. पुढे उंदीर तोलले. पहिला शीख आला, दुसरा पठाण आणि तिसरा मराठी उंदीर! मला उगीचच हुरूप आला. तिसरं येऊन परीक्षक पक्षपाती होते असं म्हणायची आपली थोर परंपरा उंदरांपर्यंत पोचलेली पाहून ऊर भरून आला.

शीख उंदराच्या ताटात होती कणकेची चपाती, लोणी, दूध, मोड आलेले हरभरे, कच्चं गाजर, कोबी आणि आठवड्यातून एकदा थोडं मटण. मी हे वाचून दाखवलं, तर मित्र ओरडला, "बघ, मटण!" आई म्हणाली, "बघ, दूध!" एकच उंदीर दोन्ही पक्षांचा साक्षीदार झाला. तळाला गेलेल्या उंदरांच्या पानात भात फार आणि दूध, भाजीपाला नावापुरता होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. या डॉक्टराने काही उंदरांना गरीब इंग्रजाचंही जेवण घातलं. पांढरा पाव, मार्गारीन, जॅम, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या आणि डब्यातलं मांस. म्हणजे राज्यकर्त्यांचं मांस यांनाही रीतसर मिळत होतं. पण ते खुरटले, चिडके झाले, नोकरांना चावू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. (उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. आमच्या रेकॉर्ड रूममधले उंदीर नुसत्या जुन्या व्हाउचरांवर धष्टपुष्ट आहेत.)

राहता राहिलं माझं बी-ट्वेल्व्ह. एका जीवघेण्या पंडुरोगावर १९२६ साली बोस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी उपाय जाहीर केला, तो म्हणजे रोज अर्धा पौंड काळीज खायचं! मरू घातलेले रोगी उठून बसले. १९३४ साली नोबेल मिळालं. मित्राची बाजू इथे फारच वजनदार झाली. पण काळजात नेमकं काय होतं, ते १९४८ साली वेगळं काढलं, तेच हे बी-ट्वेल्व्ह. ते झाड बनवत नाही आणि बकरीही बनवत नाही. बनवतात जिवाणू. बकरीच्या पोटात त्यांची शाखा असते इतकंच. बकरी नुसती एजंट. दुधातूनही थोडं मिळतं, पण आमच्या घरी दूध चहाचा रंग बदलेल इतपतच.

माझ्यापुरता निकाल असा: आई बरीचशी बरोबर, मित्र थोडासा बरोबर आणि मी साफ चूक. कारण मी शाकाहारी नव्हतोच मुळी. मी बटाटेवडाहारी होतो.

इंजेक्शन घ्यायला निघालो, तेव्हा आईही सोबत आली. सुईतला लालभडक रंग पाहून तिने पदर तोंडाला लावला. "रक्त आहे का रे हे?"

"नाही गं. आत कोबाल्ट नावाचा धातू असतो, त्याने लाल दिसतं. जिवाणूंकडून बनवून घेतात."

"म्हणजे चतुर्थीला चालेल?"

"चालेल."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "माझी चप्पल पायातून निघून जाते नि मला कळतच नाही रे. दोन वर्षं झाली. वय झालं म्हणून बोलले नाही. तुझे आजोबासुद्धा शेवटी शेवटी असेच एक चप्पल घालून घरी यायचे. आम्हांला वाटे, विरक्ती आली."

आईचा आकडा माझ्याहून खाली निघाला. आता दर शनिवारी आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर शेजारीशेजारी बसतो. आत जाताना तिच्या चपला माझ्या हातात असतात, आणि त्या दोन आहेत ना, हे मी बोटांनी मोजून पाहतो.