रजोनिवृत्ती : आयुर्वेदीय विचार व उपचार

वयोमानानुसार मासिक पाळी कायमची थांबण्याच्या अवस्थेला रजोनिवृत्ती किंवा ऋतुनिवृत्ती म्हणतात. बोलीत ‘पाळी जाणे’. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भधारणा, स्तनपान, औषधे किंवा आजार यांपैकी कोणतेही कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बहुतेक स्त्रियांमध्ये ती ४५ ते ५५ या वयात होते; भारतीय स्त्रियांचे सरासरी वय ४६–४७ च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. अंडाशयातील स्त्रीबीजांचा साठा संपत येतो, इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी चढउतार होत घटते आणि पाळी अनियमित होते. अंगातून एकाएकी वाफा निघणे, दरदरून घाम फुटणे, झोपमोड, चिडचिड, धडधड, सांधे आखडणे, योनिमार्गाची कोरड, लघवीची जळजळ ही लक्षणे कमी-अधिक प्रमाणात दिसतात. काहींना यांतले काहीच होत नाही, तर काहींचा त्रास अनेक वर्षे टिकतो.

आयुर्वेद या स्थित्यंतराला रोग मानत नाही. पाळी पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप त्यात नाही. बदलत्या देहाला आहार, झोप, तेल-तूप आणि रसायन (बलवर्धक औषध) यांचा आधार देणे व त्रासदायक लक्षणे शमवणे, एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असते.

संहितांतील उल्लेख : रज हा रसधातूपासून निर्माण होणारा उपधातू मानला जातो. तो १२ व्या वर्षानंतर दिसू लागतो आणि ५० व्या वर्षाच्या सुमारास, शरीर जरेने (वार्धक्याने) पक्व झाल्यावर क्षय पावतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. अष्टांगहृदयातही हीच वयोमर्यादा आहे. रजोनिवृत्तीच्या लक्षणांचे वेगळे प्रकरण मात्र प्राचीन संहितांत नाही. सुश्रुताने भूक, तहान, निद्रा, जरा व मृत्यू यांचा समावेश स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केला असून त्यांचे कालकृत (योग्य वेळी येणारे) व अकालकृत (वेळेआधी येणारे) असे दोन भेद केले आहेत. आजचे वैद्य रजोनिवृत्तीचा विचार याच चौकटीत, म्हणजे जरेचा एक टप्पा म्हणून करतात. वयाच्या प्रत्येक दशकात देहातील एकेक गुण ओसरत जातो, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. त्या क्रमात पाचव्या दशकात त्वचा व सहाव्यात दृष्टी येते.

आर्तवक्षय ही अवस्था रजोनिवृत्तीहून वेगळी आहे. तीत पाळी येण्याच्या वयात रज उशिरा किंवा अल्प येते आणि वेदना होतात. तिच्यावर सुश्रुताने संशोधन (शरीरशुद्धी) व उष्ण गुणाची (आग्नेय) द्रव्ये सांगितली आहेत. पाळी जाण्याच्या वयातील स्त्रीला ‘पाळी आणण्यासाठी’ अशी उष्ण औषधे दिल्यास वाफा, जळजळ व रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून या दोन अवस्थांतील भेद ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी आहे.

दोषविचार : मध्यम वयात पित्ताचे आणि उतारवयात वाताचे प्राबल्य असते. रजोनिवृत्ती या दोहोंच्या सांध्यावर येते. तिच्या लक्षणांचे मिश्र स्वरूप त्यातून समजते. अंगाची आग, घाम, डोके तापणे, चटकन राग येणे व अतिरक्तस्राव (असृग्दर) ही पित्ताची लक्षणे होत. निद्रानाश, धडधड, अकारण भीती, अंगदुखी, मलावरोध व त्वचेची रुक्षता ही वाताची. वजन वाढणे, सुस्ती, अंग जड वाटणे व उदास राहणे यांवरून कफाचा संबंध जोडतात. वाफांनी हैराण झालेली स्त्री आणि रात्र रात्र जागी राहणारी स्त्री यांना एकच औषध लागू पडेलच असे नाही. प्रकृती, पचनशक्ती, पूर्वीची बाळंतपणे आणि सध्याचे आजार पाहूनच वैद्य उपचार ठरवतात.

अस्थी हे वाताचे आश्रयस्थान असल्याचे अष्टांगहृदयात म्हटले आहे. वात वाढला की अस्थी क्षीण होतात, असा त्याचा अर्थ. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडांची झीज वेगाने होते, हे आधुनिक वैद्यकाचे निरीक्षण या काळात हाडांकडे लक्ष देण्याची गरज तितक्याच ठामपणे सांगते.

आहार : वेळेवर, ताजे, कोमट व स्निग्ध अन्न हा मूळ नियम. वाफा व जळजळ अधिक असल्यास तिखट, आंबवलेले व फार खारट पदार्थ, मद्य आणि वारंवारचा चहा-कॉफी कमी करतात. साळीच्या लाह्या, मूग, दुधी, पडवळ, मनुका, डाळिंब, आवळा, धणे-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी व साजूक तूप यांवर भर देतात. वाताची लक्षणे अधिक असल्यास कडक उपवास, शिळे व कोरडे अन्न टाळून गरम भाकरी-तूप, मुगाची खिचडी, दूध व भाज्यांचे सूप सुचवतात. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया वर्षभर आठवड्याचे उपास करतात. साबुदाणा, शेंगदाणे व चहा यांवर काढलेला दिवस या वयात पित्त व वात दोन्ही वाढवतो, असे वैद्य आवर्जून सांगतात. हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध, ताक व पालेभाज्या घ्याव्यात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. मात्र कॅल्शियम शरीरात मुरण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांवर भार टाकणारा व्यायामही आवश्यक असतो.

दिनचर्या व बाह्योपचार : अष्टांगहृदयात अभ्यंग (तेल चोळणे) नित्य करावा आणि डोके, कान व पाय यांवर विशेष लक्ष द्यावे असे सांगितले आहे. जरा, श्रम व वात कमी होणे, झोप सुधारणे व त्वचा चांगली राहणे ही त्याची फळे. हाच उपचार घरच्या घरी, अल्प खर्चात व जवळजवळ निर्धोकपणे करता येतो. थंडीत किंवा वातप्रकृतीत तिळाचे तेल कोमट करून वापरतात; आग होत असल्यास खोबरेल बरे पडते. झोपण्यापूर्वी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळण्याची मराठी घरांतील पद्धत पादाभ्यंगाचाच प्रकार आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या स्त्रीने मात्र वाटी घासताना त्वचा सोलवटणार नाही याची काळजी घ्यावी.

निद्रानाश व अस्वस्थता यांसाठी शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार) करतात. वातावर बस्ती (औषधी एनिमा) हा श्रेष्ठ उपचार असून चरकसंहितेत त्याचा उल्लेख अर्धी चिकित्सा असा येतो. थोड्या तेलाची मात्राबस्ती या वयात अधिक सोसते. योनिमार्गाच्या कोरडेपणाचे साम्य चरकोक्त २० योनिव्यापदांपैकी (योनिरोगांपैकी) शुष्का या प्रकाराशी दिसते. त्यासाठी औषधी तेलात भिजवलेला कापसाचा पिचू (बोळा) योनिमार्गात ठेवतात. पंचकर्म व पिचू हे उपचार प्रशिक्षित वैद्याकडूनच करून घ्यावेत. जंतुसंसर्ग किंवा न तपासलेला रक्तस्राव असताना ते करू नयेत.

औषधी द्रव्ये : शतावरी (ॲस्परॅगस रेसिमोसस) मधुर, शीत व स्निग्ध असल्याने पित्त व वात या दोहोंवर वापरतात. काश्यपसंहितेत शतपुष्पा (बाळंतशेपा) व शतावरी यांवर स्वतंत्र कल्पाध्याय आहे. शतावरी देण्याची जुनी रीत क्षीरपाकाची : द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. बाळंतिणीला दिला जाणारा बाजारी शतावरी कल्प मुख्यतः साखरेचा असतो. मधुमेही स्त्रीने तो घेऊ नये.

आस्कंद किंवा अश्वगंधा (विथानिया सोम्निफेरा) झोप, थकवा व अंगदुखी यांसाठी देतात. चरकाने सांगितलेली मेध्य (बुद्धिवर्धक) रसायने मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी ही असून विसराळूपणा व मनाची चलबिचल यांवर त्यांचा उपयोग करतात. जटामांसी झोपेसाठी, आवळा रसायन म्हणून, हाडजोडी व लाक्षा हाडांसाठी आणि प्रवाळपिष्टी दाहासाठी वापरतात. संक्रमणकाळातील अतिरक्तस्रावावर अशोक व लोध्र यांचे कल्प प्रसिद्ध आहेत. अशोकाबाबत भेसळीची अडचण मोठी आहे. औषधातला अशोक म्हणजे सह्याद्रीत आढळणारा, नारिंगी-लाल फुलांचा सीता अशोक (सराका असोका). शहरांतील रस्त्यांच्या कडेला लावलेला उंच, हिरवा ‘अशोक’ (पॉलिॲल्थिया लाँगिफोलिया) वेगळा वृक्ष असून त्याची साल खऱ्या सालीत मिसळली जाते. खरा अशोक रानात विरळ झाल्याने ही भेसळ वाढली आहे.

संशोधन : अमेरिकेतील वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरक उपचाराचा भाग धोके दिसल्यामुळे २००२ मध्ये मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यानंतर जगभर वनौषधींकडे ओढा वाढला. पुढील विश्लेषणातून वयाच्या साठीआधी किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत हा उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभ अधिक असल्याचे दिसले. तीव्र वाफांवर संप्रेरक उपचार आजही सर्वांत परिणामकारक मानला जातो.

आयुर्वेदीय औषधांपैकी अश्वगंधेचा अभ्यास तुलनेने काटेकोर झाला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत संक्रमणकाळातील १०० स्त्रियांपैकी एका गटाला अश्वगंधा मुळाचा ३०० मिग्रॅ. अर्क दिवसातून दोनदा, ८ आठवडे दिला. प्लासिबो (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी) घेणाऱ्यांपेक्षा त्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली व रक्तातील इस्ट्रॅडिओल वाढल्याचेही आढळले. वाफांवरील चाचण्यांत नुसत्या प्लासिबोनेही त्रास निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासांवरून औषधाचा गुण ठरवता येत नाही, आणि आयुर्वेदीय योगांवरील पुष्कळ अभ्यास असेच तुलनेचा गट नसलेले व लहान आहेत. योगाबाबत बंगळूरच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२० स्त्रिया होत्या; आसने, प्राणायाम व ध्यान यांच्या ८ आठवड्यांच्या सरावाने वाफा व मानसिक ताण कमी झाल्याचे दिसले.

सुरक्षितता : वनस्पतिजन्य औषधांनाही दुष्परिणाम असतात. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असल्यास अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीने अश्वगंधा, शतावरी अशी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. यकृताचा किंवा स्वप्रतिरक्षित आजार असलेल्यांनी तरीही सावध राहणे शहाणपणाचे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. आसव-अरिष्टांत मद्यांश असतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. भस्मे व रसकल्प ही धातू-खनिजयुक्त औषधे त्यामुळे नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

तपासणी केव्हा : पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्वरित जावे; गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते. ‘पाळी जाताना असे होतेच’ म्हणून अतिरक्तस्राव अंगावर काढू नये. रात्रीचा घाम, बारीक ताप व घटते वजन एकत्र असल्यास क्षयरोगाची, तर धडधड व कंप असल्यास थायरॉइडची तपासणी करावी. चाळिशीआधी पाळी थांबल्यास कारण शोधून उपचार घेणे हाडांच्या व हृदयाच्या दृष्टीने गरजेचे असते.

सामाजिक बाजू : अंडाशये शस्त्रक्रियेने काढल्यास रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि लक्षणे तीव्र असतात. नुसते गर्भाशय काढल्यासही ती लवकर येण्याची शक्यता वाढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. अकालकृत जरा समाजही लादू शकतो, हे या घटनेने दाखवले.

वेळेवर जेवण, पुरती झोप, तेल चोळण्यापुरती सवड हे आयुर्वेदाचे या वयासाठीचे सर्वांत भरवशाचे उपाय आहेत. घर, शेत किंवा कचेरी सांभाळणाऱ्या स्त्रीला नेमके तेच मिळत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या आणि पहाटे सर्वांआधी उठणाऱ्या स्त्रीला शतावरीची वाटी देऊन भागणार नाही; घरातील कामे वाटून घेणे, कामाच्या ठिकाणी विश्रांतीची सोय व स्वच्छतागृह असणे आणि तिची तक्रार तपासणीपर्यंत पोहोचणे ही या पथ्याचीच अंगे मानली पाहिजेत.