फरशीवरची लाकडी जमीन

देवालयाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली म्हणजे सर्वांची दृष्टी प्रथम शिखराकडे जाते. पायाखालच्या जमिनीचा विचार मागाहून होतो. वास्तविक देवळाचा इतिहास जमिनीतही साठलेला असतो. शेणाने सारवलेली जमीन, चुन्याचा कोबा, दगडी लादी, सिमेंटची रंगीत फरशी आणि संगमरवर असे थर कित्येक ठिकाणी एकावर एक चढत गेले. आता एखाद्या देवस्थानाच्या कचेरीत, ग्रंथालयात किंवा प्रवचनाच्या दालनात जुन्या फरशीवरच लाकडी अथवा लॅमिनेटच्या पट्ट्या बसवाव्यात, अशी सूचना पुढे येते. तिचा स्वीकार वा अव्हेर करण्यापूर्वी या प्रकाराचा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवरी जमिनी होत्या. त्या वारंवार धुवाव्या लागत आणि ते पाणी खाली झिरपून आधाराच्या लाकडी तुळया कुजत. म्हणून १६८४ साली संगमरवराच्या जागी नक्षीदार लाकडी जमीन बसवण्यात आली. दगड जाऊन लाकूड आले ते केवळ शोभेसाठी नव्हे, तर पाण्याच्या भयाने!

पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, १९७७ साली, स्वीडनमधील पर्स्टॉर्प कंपनीने लॅमिनेटची जमीन शोधून काढली. लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर राळेचे पारदर्शक कवच, अशी तिची रचना. आरंभी पट्ट्या एकमेकींस चिकटवीत असत. १९९० नंतरच्या दशकात खाचेत खाच अडकवण्याची युक्ती रूढ झाली. ही जमीन खालच्या फरशीस खिळ्याने वा सरसाने जखडलेली नसते. ती तिच्यावर नुसती टेकलेली असते. त्यामुळे जुनी फरशी फोडावी लागत नाही, आणि नवी जमीन केव्हाही उचलून घेता येते. हाच तिचा मोठा गुण होय.

तथापि ती बसवण्याचे नियम कडक आहेत. प्रत्येक फरशी ठोकून पाहावी. पोकळ वाजेल ती आधी पक्की करावी. उंचसखलपणा भरून काढावा. ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा व त्यावर पातळ अस्तर अंथरावे. पट्ट्या दोन दिवस त्याच खोलीत ठेवून मग जोडाव्यात, आणि भिंतीलगत सुमारे दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. कारण दमट हवेत लाकूड फुगते. दारे नव्या उंचीस अडणार नाहीत, हेही आधीच पाहावे.

आमच्या कोकणपट्टीत खरी अडचण याच ओलीची आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती ओल शोषतात. जमिनीतून वर येणाऱ्या ओलीस पडद्याने वाट बंद केली, तर ती बाजूच्या भिंतींत चढते. जेथे नित्य अभिषेक होतो आणि पाण्याने जमीन धुतात, त्या गर्भगृहात वा सभामंडपात लॅमिनेट मुळीच शोभणारे नाही. सांध्यांतून पाणी शिरताच त्याचा गाभा फुगतो. ज्या कोरड्या दालनात पाण्याचा संबंध नाही, तेवढ्यापुरताच त्याचा विचार व्हावा.

पंढरपूरचे उदाहरण ताजे आहे. श्रीविठ्ठल मंदिराच्या जतनाच्या कामात २०२४ साली नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा काढून मूळ दगडी रूप उजेडात आणले गेले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ जमिनीखाली एक तळघर आढळले व त्यातून जुन्या मूर्ती बाहेर आल्या. आपण ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्याच्या खाली काय आहे याची नोंद नसली म्हणजे असे घडते.

म्हणून महाजनांस आमची एकच विनंती आहे. कित्येक देवळांत फरशीवर दात्यांची नावे कोरलेली असतात. भक्तांची चरणधूळ आपल्या नावावर पडावी, या नम्र इच्छेने ती तेथे घातलेली असतात. अशी नावे झाकू नयेत. आणि दालन कोणतेही असो, नवे काही अंथरण्यापूर्वी जुन्या जमिनीची छायाचित्रे व मापे देवस्थानाच्या दप्तरी ठेवावीत. जे वर घालू ते पुढच्या पिढीस खालच्याला धक्का न लावता काढता यावे. पूर्वजांचे ऋण जाणणाऱ्याने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.