संस्थात्मक गुंतवणूकदारांनी शेअर विकले की नाही, हे कसे तपासायचे?

'या कंपनीतून एफआयआय बाहेर पडले, तुम्हीही पडा!' असे मेसेज ग्रुपवर नेहमी फिरतात. एफआयआय म्हणजे परकीय संस्थात्मक गुंतवणूकदार. मेसेज खरा आहे का, हे एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट तपासता येते.

कोणती नोंद कधी मिळते?

बल्क डील: एखाद्या गुंतवणूकदाराने एका दिवसात कंपनीच्या एकूण शेअर्सपैकी ०.५ टक्क्यांहून जास्त शेअर घेतले किंवा विकले, तर त्याचे नाव, शेअर्सची संख्या आणि भाव त्याच दिवशी बाजार बंद झाल्यावर जाहीर होतात.

म्युच्युअल फंडांची यादी: कोणत्या योजनेकडे कोणते शेअर किती आहेत, हे दर महिना संपल्यावर १० दिवसांत सांगावे लागते.

शेअरहोल्डिंग पॅटर्न: तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनी हा तक्ता देते. प्रवर्तक, परकीय संस्था, म्युच्युअल फंड आणि सामान्य गुंतवणूकदार यांचा हिस्सा त्यात वेगवेगळा दिसतो. १ टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांची नावेही असतात.

एक उदाहरण

वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये पेटीएमच्या मूळ कंपनीत, म्हणजे वन९७ कम्युनिकेशन्समध्ये, गुंतवणूक केली होती. २४ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी सुमारे १.५६ कोटी शेअर, म्हणजे जवळपास २.४६ टक्के हिस्सा, सरासरी ८७७ रुपयांनी विकला. रक्कम झाली सुमारे १,३७० कोटी. बल्क डीलच्या नोंदीत हे त्याच संध्याकाळी दिसले. फक्त शेअरहोल्डिंग पॅटर्नवर विसंबलेल्याला मात्र जानेवारीपर्यंत थांबावे लागले असते.

त्याच दिवशीच्या नोंदींत कोपथॉल मॉरिशस आणि घिसालो मास्टर फंड ही खरेदीदारांची नावेही होती. ती पाहून 'परकीय संस्था पेटीएम घेत आहेत' असाही मेसेज करता आला असता, आणि तोही तितकाच अर्धवट ठरला असता.

इथे फसगत होते

• टक्का घटला म्हणजे विक्री झालीच, असे नाही. कंपनीने नवे शेअर काढले की जुन्या धारकांचा टक्का आपोआप कमी होतो. म्हणून शेअर्सची संख्याही बघा. मध्ये बोनस किंवा स्प्लिट झाले असेल, तर तेही हिशेबात घ्या.
• यादीतून नाव गेले म्हणजे सगळे शेअर विकले, असेही नाही. हिस्सा १ टक्क्याखाली आला तरी नाव दिसत नाही.
• 'आज एफआयआयने इतके हजार कोटी विकले' हा रोजचा आकडा संपूर्ण बाजाराचा असतो, एका कंपनीचा नव्हे.
• मेसेजमधला तक्ता कोणत्या तिमाहीचा आहे, ते पाहा. जून अखेरचा तक्ता ऑक्टोबरमध्ये फिरत असेल, तर ती माहिती शिळी आहे.

शेवटी काय लक्षात ठेवायचे?

कोणी, किती आणि कधी विकले, हे नोंदी सांगतात. का विकले, हे सांगत नाहीत. फंडाची मुदत संपणे, नफा काढून घेणे, दुसरीकडे पैसे लागणे, कंपनीवरचा विश्वास उडणे, यांपैकी काहीही कारण असू शकते. त्यामुळे आधी मूळ नोंद उघडा, मागच्या तीन-चार तिमाहींशी ताडून बघा आणि कंपनीचे निकाल वाचा. मगच शेअर ठेवायचा की विकायचा, ते ठरवा.