सिनसिनाटीची ‘ऱ्हाइनपलीकडची’ वस्ती: गल्ली सुरक्षित झाली, पण कोणासाठी?

आजचा एपिसोड ऐकायच्या ऐवजी वाचायचा असेल, तर हा त्याचा लिखित अवतार. बोलण्यातली ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ मी शक्य तेवढी काढली आहेत, काही राहिली असतील तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका गोंधळापासून करतो. २०१९ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी काही महिने अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात होतो. पहिल्याच आठवड्यात मेसन नावाच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी काकांनी जेवायला बोलावलं. वरण-भात वाढता वाढता ते म्हणाले, “डाउनटाऊनला राहतोस ना? मग एक लक्षात ठेव. सेंट्रल पार्कवे ओलांडून रात्री पलीकडे जायचं नाही. बिलकूल नाही.” काका तिथे नव्वदच्या दशकापासून राहत होते, त्यामुळे मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलवरचा एक पोरगा म्हणतो, “शुक्रवारी संध्याकाळी फ्री आहेस? चल, ओव्हर-द-ऱ्हाइनला जाऊ. शहरातली सगळ्यात भारी जागा आहे.” मी मॅप उघडला, तर ही भारी जागा बरोबर सेंट्रल पार्कवेच्या पलीकडे!

आता बघा, दोघंही खोटं बोलत नव्हते. एकाच वस्तीबद्दल बोलत होते, फक्त मध्ये वीस वर्षं गेली होती. त्या वीस वर्षांत काय झालं, आणि त्याच्या आधीच्या दीडशे वर्षांत काय झालं, ही आजची गोष्ट.

कालव्यापलीकडचं जर्मनी

आधी शहराचा अंदाज घेऊ. १९५० मध्ये सिनसिनाटीची लोकसंख्या होती साधारण ५ लाख ४ हजार. मी कोल्हापूरचा. २०११ च्या जनगणनेत आमचं कोल्हापूर साडेपाच लाखांच्या जवळ होतं. म्हणजे न्यूयॉर्क-शिकागो डोळ्यांसमोर आणू नका, आपल्या ओळखीच्या मापाचं शहर आहे. आणि ते वाढलं नाही, घटलं. २०२० मध्ये तिथे ३ लाख ९ हजार माणसं उरली होती. पन्नासच्या दशकानंतर लोक हायवे धरून उपनगरांत गेले.

‘ओव्हर-द-ऱ्हाइन’ हे नाव कुठून आलं? एकोणिसाव्या शतकात मायामी अँड ईरी नावाचा कालवा शहरातून जायचा. १८३० नंतर जर्मन लोक मोठ्या संख्येने आले आणि कालव्याच्या उत्तरेला राहू लागले. पूल ओलांडला की पलीकडे जर्मन पाट्या, जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन चर्च, आणि अर्थातच बिअर. म्हणून लोक चेष्टेत कालव्याला ‘ऱ्हाइन नदी’ म्हणायला लागले. ऱ्हाइनपलीकडची वस्ती म्हणजे ओव्हर-द-ऱ्हाइन.

साधारण दीड चौरस किलोमीटरचा हा तुकडा. १९०० च्या आसपास तिथे ४५ हजारांच्या घरात माणसं राहायची. विटांच्या तीन-चार मजली इमारती, भिंतीला भिंत लागून, खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं. आपल्या पेठांतल्या वाड्यांची आठवण येईल अशी रचना. १८५५ मध्ये सुरू झालेली फिंडले मार्केट ही मंडई आजही चालू आहे. १८७८ चा म्युझिक हॉल आजही उभा आहे.

मग तडाखे बसायला लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं हाच गुन्हा झाला. १९१८ मध्ये शहराने रस्त्यांची जर्मन नावं पुसली. ‘ब्रेमेन स्ट्रीट’चा झाला ‘रिपब्लिक स्ट्रीट’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १९२० मध्ये दारूबंदी आली आणि ज्या धंद्यावर वस्ती उभी होती, तोच बेकायदेशीर ठरला.

आणि कालवा? रेल्वे आल्यावर त्याचा उपयोग संपला होता. शहराने ठरवलं की पाणी काढून टाकायचं आणि त्या खड्ड्यातून भुयारी रेल्वे न्यायची. १९१६ मध्ये मतदारांनी ६० लाख डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. १९२० मध्ये काम सुरू झालं. पण युद्धामुळे महागाई वाढली होती, पैसे पुरले नाहीत, काम थांबलं. दोनेक मैलांचे बोगदे तयार आहेत, स्टेशनं तयार आहेत, आणि आजपर्यंत एकाही प्रवाशाने तिथून ट्रेन पकडलेली नाही. त्या बोगद्यांच्या वर १९२८ मध्ये जो रुंद रस्ता झाला, तोच काकांचा सेंट्रल पार्कवे. म्हणजे काका ज्या सीमेबद्दल सांगत होते, ती आधी कालवा होती, मग फसलेली मेट्रो आणि शेवटी रस्ता. सीमा मात्र तीच राहिली.

हातात नंबर घेतलेला माणूस

आता ओव्हर-द-ऱ्हाइनच्या बाजूला जाऊ. पश्चिमेला वेस्ट एंड नावाची वस्ती आहे. दक्षिणेतल्या वर्णभेदाला कंटाळून वर आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात घर मिळायचं ते मुख्यतः इथेच. १९५० च्या दशकाच्या शेवटी शहराने वेस्ट एंडच्या खालच्या भागावर ‘केन्यन-बार’ नावाचा पुनर्विकास प्रकल्प आणला. शहराच्या भाषेत ती झोपडपट्टी होती. ती पाडून तिथे उद्योग आणायचे होते, शेजारून हायवे जाणार होता.

पाडण्याआधी शहराने प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. त्या फोटोंत बऱ्याचदा एक कर्मचारी हातात नंबराची पाटी धरून घरासमोर उभा दिसतो. मागे पायऱ्यांवर बसलेली माणसं, खिडकीतून बघणारी पोरं. जवळजवळ २,८०० इमारती गेल्या. २५ हजारांहून जास्त माणसं उठवली गेली, त्यातली बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. त्या जागेला आता क्वीन्सगेट म्हणतात. गोदामं, पार्किंग आणि सामसूम.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. जुनी सिस्टीम बंद करायची असेल तर आधी डेटा कुठे जाणार ते ठरवावं लागतं. इथे सर्व्हर बंद केला आणि २५ हजार माणसांचा डेटा कुठे जाणार, याचा नीट विचारच केला नाही. त्यातली अनेक कुटुंबं शेजारच्या ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये आली, कारण तिथे जुनी, स्वस्त घरं होती. तोवर जर्मन कुटुंबं उपनगरांत गेली होती.

घरं जुनी, मालक लांब राहणारे, भाडं कमी, दुरुस्ती नाही. त्यात कारखाने कमी होत गेले. २००० मध्ये तिथली लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास आली होती. ज्या जागेत कधीकाळी ४५ हजार राहायचे! शेकडो इमारती रिकाम्या. आणि रिकाम्या इमारतीत काय होतं, ते कोणालाही सांगायला नको.

एप्रिल २००१

७ एप्रिल २००१. रात्री दोनच्या पुढची वेळ. टिमोथी थॉमस नावाचा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसांना बघून पळाला. त्याच्यावर १४ वॉरंट होती. ऐकायला भयंकर वाटतं ना? बहुतेक सगळी वाहतुकीच्या नियमभंगाची. एका अंधाऱ्या गल्लीत पोलिसाने त्याच्यावर गोळी झाडली. त्याच्याकडे हत्यार नव्हतं. ती गल्ली रिपब्लिक स्ट्रीटजवळची. हो, तोच आधीचा ब्रेमेन स्ट्रीट.

१९९५ पासून सिनसिनाटीत पोलिसांशी झालेल्या चकमकींत मेलेला तो पंधरावा कृष्णवर्णीय पुरुष होता. शहर पेटलं. दुकानं फुटली, आगी लागल्या, महापौर चार्ली ल्युकन यांना संचारबंदी लावावी लागली. सप्टेंबरमध्ये त्या पोलिसाची निर्दोष मुक्तता झाली.

काकांच्या मनात अडकलेली वस्ती ही होती.

इथून पुढे दोन गोष्टी घडल्या. एक गाजली, दुसरी फारशी गाजली नाही.

कमी गाजलेली आधी सांगतो. २००२ मध्ये शहर, पोलिसांची संघटना, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था आणि कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रतिनिधी यांच्यात एक करार झाला: कोलॅबोरेटिव्ह ॲग्रीमेंट. त्यातली मूळ कल्पना साधी आहे. पोलिसांनी फक्त अटका मोजायच्या नाहीत. एकाच कोपऱ्यावर परत परत गुन्हे होत असतील, तर त्या कोपऱ्याचं काय चुकतंय ते शोधायचं. दिवा बंद आहे का? घर बेवारस आहे का? कुठलं दुकान आडून काही चालवतंय का? तक्रारींची चौकशी करायला पोलिसांबाहेरची नागरी यंत्रणाही उभी राहिली. एका रात्रीत चमत्कार झाला नाही, पण अमेरिकेतली इतर शहरं आजही या कराराचा दाखला देतात.

गाजलेली गोष्ट म्हणजे २००३ मध्ये स्थापन झालेली थ्रीसीडीसी ही ना-नफा विकास संस्था. शहरातल्या मोठ्या कंपन्यांनी तिच्यात पैसा घातला. या संस्थेने व्हाइन स्ट्रीटच्या आसपास रिकाम्या इमारती आणि मोकळे प्लॉट एकगठ्ठा विकत घ्यायला सुरुवात केली. एकेक घर दुरुस्त करून वस्ती सुधारत नाही, सलग दोन-तीन ब्लॉक एकदम बदलले तरच लोक येतात, हा त्यांचा हिशोब. व्यवसाय म्हणून बघितलं तर हिशोब बरोबर निघाला. २००६ मध्ये ज्या वस्तीचं नाव देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ वारसास्थळांच्या यादीत होतं, तिथल्या इमारती पाडल्या न जाता वाचल्या. हे श्रेय द्यायलाच हवं.

२०१२ मध्ये वॉशिंग्टन पार्क नव्याने उघडलं, खर्च साधारण ४ कोटी ८० लाख डॉलर. हिरवळ, कारंजी, कुत्र्यांसाठी वेगळी जागा, खाली पार्किंग. २०१६ मध्ये ३.६ मैलांच्या फेरीवर ट्राम सुरू झाली. जुन्या ब्रुअरीच्या इमारतींत नव्या ब्रुअरी आल्या, दारू साठवायच्या जुन्या तळघरांच्या टूर निघाल्या. गंभीर गुन्हे लक्षणीय घटले. शुक्रवारी रात्री दहा वाजता मी व्हाइन स्ट्रीटवर एकटा चाललोय आणि आजूबाजूला बाबागाडी घेऊन फिरणारी जोडपी आहेत, हे मी स्वतः बघितलंय.

पोहण्याचा तलाव कुठे गेला?

एका रविवारी मी त्याच पार्कमध्ये बाकावर बसलो होतो. शेजारी एक वयस्कर कृष्णवर्णीय आजोबा. बोलता बोलता त्यांनी हिरवळीकडे बोट दाखवलं. “इथे स्विमिंग पूल होता. तिकडे बास्केटबॉल. माझा मुलगा पोहायला इथे शिकला.” मी विचारलं, “मुलगा आता इथेच राहतो का?” ते हसले. “इथलं भाडं बघितलंस का?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पार्क सुंदर झालंय, असंही ते म्हणाले. रोज येतात, बसने, दुसऱ्या वस्तीतून.

नंतर मी वाचलं. पार्क बदलताना तलाव आणि बास्केटबॉल कोर्ट दोन्ही काढली गेली, आणि तेव्हा रहिवाशांनी विरोधही केला होता. २००२ ते २०१५ या काळात अगदी कमी उत्पन्न असलेल्यांना परवडणारी इथली घरं साधारण तीन-चतुर्थांशाने कमी झाली. समर्थक म्हणतात, आम्ही रिकाम्या इमारती घेतल्या, कोणाला हाकललं नाही. त्यात तथ्य आहे. पण भाडं वाढलं की कोणाला हाकलावं लागत नाही, माणूस आपणच उठतो. २०१९ मध्ये व्हाइन स्ट्रीटवरचं जुनं किराणा सुपरमार्केट बंद झालं आणि नवं, चकाचक दुकान सेंट्रल पार्कवेच्या दक्षिणेला उघडलं. गाडी असेल तर काहीच फरक नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींच्या हातात दोन पिशव्या असतील तर खूप फरक आहे.

आणि सुरक्षितता? तीसुद्धा एकदा आणून कपाटात ठेवायची वस्तू नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्याच मेन स्ट्रीटवर एका बारबाहेर गोळीबार होऊन नऊ जण जखमी झाले. म्हणजे नवी वस्ती म्हणजे स्वर्ग, असंही नाही.

जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथे राहणाऱ्या आणि धंदा करणाऱ्या माणसांचे डोळे. कॅमेरा आणि गस्त नंतर. मला वाटतं, ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये डोळे परत आले हे खरं, पण बरेचसे डोळे बदलले. ज्यांनी वाईट दिवस काढले, त्यातल्या अनेकांच्या वाट्याला चांगले दिवस आलेच नाहीत.

आपल्या गावात

ही गोष्ट तुम्हाला का सांगितली? कारण आपल्याकडेही मध्यवस्तीचे आराखडे येतायत. पंढरपूरला मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरला तिथल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी विरोध केला, ते आपण बघितलंच. अशा वेळी बाहेरचे आपण पटकन म्हणतो, “अरे, सुंदर होणार आहे, विरोध कशाला?” मीही म्हणायचो.

आता आराखडा दिसला की मी चित्रातली झाडं आणि कारंजी बघायच्या आधी तीन गोष्टी शोधतो. आज तिथे भाड्याने राहणाऱ्यांचं काय, फक्त मालकांचं नाही. आज जे फुकट मिळतं, म्हणजे कट्टा, मैदान, नळ, ते उद्याही फुकट असेल का. आणि रोजचा भाजीपाला, किराणा पायी जाऊन आणता येईल का. तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील, तर तो आराखडा अजून अर्धाच आहे.

काकांना परत येताना भेटलो. म्हटलं, “काका, मी पलीकडे जाऊन आलो, बऱ्याचदा.” ते म्हणाले, “हो रे, आता बदललंय म्हणतात. आम्ही काही गेलो नाही कधी.” तीस वर्षं त्या शहरात, आणि एक रस्ता ओलांडला नाही. मग मला आमच्याच शहरातल्या दोन-तीन गल्ल्या आठवल्या, जिथे ‘जाऊ नको’ म्हणून लहानपणी सांगितलं होतं आणि मीही आजवर गेलेलो नाही. पुढच्या सुट्टीत आधी तिकडे जाणार आहे.

तुमच्या गावात अशी कुठली गल्ली आहे, ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हेडफोन लावा, पण रस्ता ओलांडताना काढा!