म्हैसूरचं पाणी आणि गिझरमधला पांढरा थर

आज मी म्हैसूरच्या राजवाड्याचा नाही, नळाचा इतिहास सांगणार आहे.

म्हैसूर नदीकाठी वसलेलं नाही. कावेरी उत्तरेला श्रीरंगपट्टणाजवळून जाते, कपिला दक्षिणेला नंजनगूडवरून. त्यामुळे गावाची भिस्त तळ्यांवर आणि विहिरींवर. दिवाण पूर्णय्यांनी कावेरीचं पाणी आणायला कालवा खणायला घेतला, पण तो अर्धवटच राहिला. अखेर १८९६ मध्ये बेळगोळ योजना सुरू झाली आणि नळाचं पाणी शहरात आलं.

याचा गिझरशी काय संबंध? खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. शाळेत आपण त्याला ‘दुष्फेन’ म्हणायचो. ते तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा थर कॉइलवर बसतो. उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, वीज जास्त जाते, शेवटी कॉइल जळते. आजीच्या तांब्याच्या बंबातही हाच थर धरायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंत चालतो.

नदीचं पाणी साधारणपणे हलकं, बोअरचं जड. म्हणजे पूर्णय्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही; शहर वाढतं आणि जिथे नदीचा नळ पुरत नाही, तिथे बोअर खणली जाते. म्हणून मी म्हणतो, तुमच्या गिझरला थर लवकर धरत असेल, तर आधी टाकीतलं पाणी कुठलं ते विचारा. कंपनीला बोल नंतर लावा.