लंडनची डबलडेकर आणि माझी खुर्ची

मागच्या महिन्यात आमच्या हापिसात 'रोज दहा हजार पावलं' अशी स्पर्धा लागली. चार-चार जणांच्या टीम, भिंतीवर तक्ता वगैरे. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या डेस्कवरचा एक महाभाग घड्याळ हातात धरून बसल्या बसल्या हात हलवताना सापडला. बग सापडला की आम्ही लोक आधी त्याचा फायदा घेतो, मग दुरुस्त करतो !

मी आपला प्रामाणिकपणे चाललो आणि ३१०० वर अडकलो. त्याच आठवड्यात वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. साखर काठावर, कोलेस्टेरॉल काठाच्या पलीकडे. माझं वय ३४. बाबांना पहिला झटका आला तेव्हा ते ५१ वर्षांचे होते, आणि त्यांचीही नोकरी खुर्चीतलीच. म्हणून म्हटलं, हे दहा हजार आले कुठून ते तरी बघू.

तर आले जपानमधून. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मान्पो-केई', म्हणजे सरळ सरळ 'दहा हजार पावलांचा मीटर'. आकडा गोल, बोलायला सोपा... बास. म्हणजे आम्ही सगळे साठ वर्षं जुन्या जाहिरातीच्या मागे धावतोय. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्कर बायकांची पावलं मोजून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ४४०० पावलं चालणाऱ्या बायकांचं मृत्यूचं प्रमाण २७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी निघालं, आणि साधारण ७५०० नंतर आणखी काही फरक दिसेना.

हे वाचून आधी मला आनंद झाला (आळशी माणसाला होतो तसा). मग शंका आली. जो धडधाकट आहे तोच जास्त चालणार ना? चालल्यामुळे माणूस ठणठणीत राहतो, की ठणठणीत असतो म्हणून चालतो? या प्रश्नामागे लागलो आणि थेट लंडनच्या बसमध्ये जाऊन पोचलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढत चालला होता आणि का ते नक्की कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांची तुलना करायची असं ठरवलं. लंडनच्या बस, ट्राम वगैरे चालवणारी ३५ ते ६४ वयाची सुमारे ३१,००० माणसं त्याने घेतली. यातली डबलडेकर म्हणजे अगदी आयता प्रयोग बघा. दोन माणसं, एकच गाडी, एकच रस्ता, एकच धूर. राहणीमानही साधारण सारखं. पण ड्रायव्हर पाळीभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणार. निकाल असा की कंडक्टरांना झटके कमी येत होते, आणि आले तरी त्यातून ते जास्त वाचत होते. मग त्याने टपाल खातं तपासलं. तिथेही पायी नाहीतर सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन फायद्यात, टेलिफोनवर आणि टेबलामागे बसणारे तोट्यात. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पण माझी शंका तशीच होती. मुळातच जाडी माणसं ड्रायव्हर होत असतील तर? गंमत म्हणजे हे मॉरिसच्याही डोक्यात आलं होतं. त्याने काय करावं... बस कंपनीकडून गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि चक्क विजारींची मापं काढली ! १९५६ चा हा लेख. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे काही फरक ही माणसं नोकरीला येतानाच घेऊन आली होती. आपल्याच निष्कर्षाला भोक पाडणारा पुरावा या माणसाने स्वतः शोधून छापला. आमच्याकडे टेस्टिंगला असा एक तरी माणूस हवा होता. पुढे कंबरेच्या मापाप्रमाणे गट पाडून बघितलं, तेव्हा बारीक काय नि जाडे काय, कंडक्टरच बरे निघाले.

तरी प्रकरण मिटलं नाही. कंडक्टरला पायऱ्या चढायचा पगार मिळतो, आपल्याला कोण देणार? म्हणून त्याने पुढे सरकारी अधिकारी धरले. ४० ते ६४ वयाचे जवळजवळ १७,००० पुरुष, सगळे आपल्यासारखे खुर्चीवाले. सोमवारी सकाळी त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, शुक्रवारी आणि शनिवारी फावल्या वेळात काय काय केलं. १९७३ मध्ये छापलेल्या निकालात, दमवणारा व्यायाम करणाऱ्यांना झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. रमतगमत फेरफटका त्यात जमेस धरला गेला नाही. पुढच्या अभ्यासात, १९९० मध्ये, चालण्याचाही फायदा दिसला. पण वेग ताशी ४ मैलांच्या वर, म्हणजे साडेसहा किलोमीटर ! आमच्या कर्वे रस्त्याच्या फुटपाथवर त्या वेगाने चालून दाखवा, मी चहा पाजतो.

मॉरिस स्वतः २००९ मध्ये गेला, वयाच्या ९९ व्या वर्षी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यानेच सांगितलं असतं. असो.

त्या अधिकाऱ्यांसारखा मीही गेल्या सोमवारी तक्ता भरला. शुक्रवार : काही नाही. शनिवार : वडापाव आणायला कोपऱ्यापर्यंत, जाऊन-येऊन सात मिनिटं, तीही रमतगमत. बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

काल शनिवारी सकाळी सहाला त्यांनीच मला उठवलं. हनुमान टेकडी, ४० मिनिटं. वर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं आणि ते शेजारच्या बाकावर कुणाशी तरी निवडणुकीवर वाद घालत होते.