केळ्यांच्या वासाची प्रयोगशाळा

मनगटावरचं घड्याळ काढून दाराशीच ठेवा. आत दणकट लोहचुंबक आहे, काटे जागीच अडकतील.

हे १९४०च्या उन्हाळ्यातलं लंडन, वेम्बलीची जीईसी (जनरल इलेक्ट्रिक कंपनी) प्रयोगशाळा. दार ढकलताच नाकात शिरतो पिकलेल्या केळ्यांचा वास! शोधू नका, केळी नाहीत. हा अमाइल अ‍ॅसिटेट. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटची पांढरी पूड त्यातल्या चिकट द्रावणात कालवतात आणि निकेलच्या नळकांडीवर तिचा लेप चढवतात. हा मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीचा, कॅथोड, इलेक्ट्रॉनांचा झरा. बोट लावू नका, हाताचा घामही त्याला सोसत नाही.

पलीकडे काच फुंकणारा कारागीर बसलाय. ज्योतीची फरफर ऐका, गालाला धग लागू द्या. शेजारच्या तांब्याच्या ठोकळ्यावर, म्हणजे मॅग्नेट्रॉनच्या धडावर, झाकण बसतंय. मध्ये सोन्याची बारीक तार चेपतात, हवेला फट मिळू नये म्हणून.

आता आतली हवा ओढून घेणाऱ्या पंपापाशी या. त्याची धडधड तळपायांत शिरते. कॅथोड हळूहळू तापतोय, कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतोय, दाबमापकाचा काटा चढतोय. थांबा! घाई केली तर लेपाचे पोपडे निघतील. काटा उतरला की पुन्हा थोडी आच. दुधाच्या पातेल्यापाशी उभं राहावं तसे सगळे उभे आहेत. लेपाचा आता ऑक्साइड झालाय. हवा आत शिरली तर सगळी मेहनत वाया.

बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांच्या पहिल्या मॅग्नेट्रॉनमध्ये कॅथोड म्हणून टंगस्टन होतं. ते २००० अंशांच्या पुढे तापवावं लागे. पॅरिसहून मोरिस पोंत यांनी ऑक्साइड कॅथोडचा नमुना आणला, इथे एरिक मेगॉ यांनी तीच वाट धरली. या लेपाला ८०० अंशांच्या आसपासची लालसर धग पुरते. काही इलेक्ट्रॉन चुंबकामुळे वळून परत त्याच्यावरच आदळतात, तेव्हा तो आणखी इलेक्ट्रॉन सोडतो.

निऑनचा दिवा हातात धरा. वायर नाहीच. कळ दाबली जाते, क्षणार्धाच्या झटक्यांत मॅग्नेट्रॉनमधून सुमारे १० किलोवॅट बाहेर पडतात आणि तुमच्या मुठीत केशरी उजेड!

घड्याळ घ्या, निघा. बाही हुंगलीत? तयार कॅथोडला हा वास नसतो, तापवतानाच उडून जातो. केळ्यांचा वास उरतो फक्त तो घडवणाऱ्यांच्या कपड्यांवर. आज तुमच्याही.